शेवटचा पडदा

उंब्रजला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे आणि लग्नकार्याला मी कर्णे भाड्यानं देतो. पंधरा वर्षं हेच करतोय, त्यामुळे आवाज म्हटला की मला वीट येतो. घरी बायको जरा मोठ्यानं बोलली तरी मी उठून अंगणात जाऊन बसतो.

शेजारच्या गावात चावडीवरचा कर्णा मीच बसवलेला. तिथल्या हंबीररावांचा मुलगा मानसिंग एकाहत्तरच्या लढाईत गेला. दुसऱ्या वर्षी त्यांनी हा कर्णा गावाला दिला आणि त्यावर मुलाचं नाव रंगवून घेतलं. तेव्हापासून गावात रिवाज पडला. कोतवाल नाथाजी रोज सकाळी माईक घ्यायचा आणि आधी म्हणायचा, ‘कैलासवासी जवान मानसिंग हंबीरराव यांच्या स्मरणार्थ.’ मग पाटाचं पाणी, उसाची तोड, कुणाची म्हैस सुटली, काय असेल ते. म्हशीच्या आधीसुद्धा मानसिंगच.

अठ्ठ्याहत्तरच्या माघात कर्णा मुका झाला. खाली घेऊन उघडला, तर आतला पडदा जळलेला. बोलतो तो हा पडदाच, पापडासारखा पातळ. तो गेला की बाहेरचं भांडं नुसतं शोभेचं. आज जाऊ उद्या जाऊ करत महिना गेला. शेवटी सांगलीला निघालो, तर हंबीरराव धुतलेला फेटा बांधून स्टँडवर माझ्या आधी हजर. निवृत्त हवालदार, त्यांना नको म्हणायची सोय नाही.

विश्रामबागेत शरच्चंद्र म्हणून आहेत, त्यांच्याकडे कंपनीची एजन्सी. त्यांनी बसवून चहा दिला तेव्हाच मी ओळखलं की काम होणार नाही. कंपनीचं पत्र आलं होतं. जुन्या कर्ण्यांचे सुटे भाग बनवणं बंद केलं आहे, गिऱ्हाइकांनी नवा नमुना घ्यावा. पत्र लिहायला कंपनीचं काय जातं? नव्या कर्ण्याचा कुठलाच भाग जुन्याला बसत नाही, आटेसुद्धा वेगळे. शरच्चंद्र भला माणूस, त्यांनी सगळी कपाटं उघडून दाखवली. त्यांत आमच्यासाठी काही नव्हतं.

परतीच्या एसटीत इस्लामपूर गेल्यावर हंबीरराव माझ्याकडे वळले. मग म्हणाले, कारखान्याचे बाळासो गावाला नवा कर्णा द्यायला तयार आहेत, त्यांच्या वडिलांच्या नावानं.

“मंग सकाळी पयलं नाव त्येंच्या बापाचं घेतील,” ते म्हणाले. “माझ्या पोराचं कोन घेनार रं? घरात तर आमी घेत न्हाई.”

माझ्याकडे भाड्याचे दोन कर्णे होते, त्याच जुन्या नमुन्याचे. त्यातला एक मी रात्रीच उघडला. आता लग्नाला एकाच कर्ण्यावर भागवावं लागणार, हे कळत होतं, आणि स्वतःचा रागही येत होता. पण दुसऱ्या दिवशी पडदा रुमालात गुंडाळून मी त्या गावी गेलो.

हंबीरराव नाथाजीला बोलवायला गेले होते. मी शिडीवर चढून कर्ण्याचं मागचं झाकण काढलं, तेवढ्यात खालून हाक आली. हंबीररावांची बायको अंबूबाई, काखेत घागर घेऊन उभी.

“आकाराम, बसवू नगंस,” ती म्हणाली. “सा वर्सं झाली, रोज सकाळी माझं पोरगं मेलंय म्हनून गावाला सांगत्यात. मी भाकरी थापत असते, हात तितंच थांबतोय. ह्यो म्हैनाभर गप व्हता, तर मला वाटायचं, पोरगं अजून पलटनीतच हाय.”

तिच्या मागं हंबीरराव नाथाजीला घेऊन येऊन उभे राहिले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. नाथाजी जमिनीकडं बघत राहिला. मला त्या नवराबायकोची कीव आली आणि त्या पडद्याचाही कंटाळा आला.

तरी मी पडदा बसवला. बसवला नसता तर ते नाव कायमचं गेलं असतं. खाली उतरलो आणि नाथाजीच्या हातातून माईक घेतला. तपासायला म्हणून काहीतरी बोलावं लागतंच.

“मानसिंगच्या कर्ण्यावरनं सांगतोय,” मी म्हणालो. “उद्या सकाळी पाटाला पाणी सुटंल.”

एवढंच बोललो. कैलासवासी नाही, स्मरणार्थ नाही. हंबीरराव आता मला झाडणार असं वाटलं. ते बायकोकडे बघत होते. तिनं घागर खाली ठेवली होती आणि कर्ण्याकडं मान वर करून, जणू अजून काही यायचं आहे अशी ती उभी होती.

“नाथाजी, उद्यापासनं आसंच म्हनायचं,” हंबीरराव म्हणाले. मग माझ्याजवळ आले. “आनि आवाज बारीक ठेव रं, गड्या. ह्यो पडदा शेवटचा हाय.”

मी बटण निम्म्यावर आणून ठेवलं.