दोन घरं, एक उपनगर

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत त्याला सगळे मिस्त्री म्हणत, आणि पुढे घरीही तेच नाव पडलं. बायको म्हणायची, सासूबाई म्हणायच्या, आणि आठ वर्षांची ठकी लाडात आली की 'बाबामिस्त्री' म्हणायची. काडीमोड होऊन दीड वर्ष झालं तरी नाव काही सुटलं नाही. सह्या झाल्या त्या दिवशीही कोर्टाच्या पायऱ्या उतरताना ठकीची आई म्हणाली होती, "मिस्त्री, तिची चित्रकलेची वही तुझ्याकडे राहिलीय. सोमवारी शाळेत पाठव."

आदळआपट होऊन मोडलेला संसार नव्हता तो. लिफ्टच्या दोराचे आतले धागे एकेक करून तुटत जावेत आणि वरखाली करणाऱ्यांना पत्ताही लागू नये, तसं झालं. मिस्त्रीचं काम अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचं. फोन वाजला की शहरात कुठेही चाळीस मिनिटांत पोचायचं, असा कंपनीचा नियम होता. मिस्त्री बहुतेक वेळा वीस मिनिटांतच पोचायचा. बाहेर निघालेली माणसं त्याचे हात धरायची, कुणी रडायचं, कुणी दुवा द्यायचं. घरी मात्र ताटावरून उठून गेलेला माणूस म्हणूनच त्याची ओळख राहिली.

ठकीची आई चष्म्याच्या दुकानात नजर तपासायची. वाटण्या झाल्या त्या अशा: आठवडाभर ठकी आईकडे, शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारपर्यंत बाबाकडे. मध्ये दोन बस. ठकीची पाठीवरची पिशवी एकदा इकडे रिकामी व्हायची, एकदा तिकडे.

अशाच एका शुक्रवारी मिस्त्रीच्या जिन्यात तिला धाप लागली. दमा तिला लहानपणापासूनच होता. दारात पोचेपर्यंत ओठांचा रंग बदलला. मिस्त्रीने पिशवी जमिनीवर उपडी केली. पोहायचा पोशाख, वही, अर्धं खाल्लेलं सफरचंद. औषधाचा पंप नव्हता. तो आईकडे, आरशाखालच्या फळीवर राहिला होता. मिस्त्रीने पोरीला उचललं, जिना उतरला, टॅक्सी थांबवली. त्या पंधरा मिनिटांत तिच्या छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज येत होता आणि तो तिला एकच सांगत होता, "माझ्याकडे बघ. हळू. हळू."

ठकीची आई दुकानातला पांढरा कोट घालूनच दवाखान्यात आली. तोवर पोरीच्या तोंडावर मास्क होता आणि श्वास ताळ्यावर येत होता.

"औषध एकाच घरात ठेवता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "आणि जमलं तर हिला या धुरातून थोडं बाहेर न्या."

एकमेकांना बोल लावायची दोघांना चांगली सवय होती. त्या संध्याकाळी कोणीच लावला नाही. बाहेरच्या बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "मी शहराबाहेर घर बघणार आहे."

"मग शुक्रवारी काय? तिला अजून लांबून आणायचं?"

"तेच म्हणतेय. तूही तिथंच बघ. ती एकटी चालत येऊ शकेल इतक्या अंतरावर."

मिस्त्रीने होकारार्थी मान हलवली.

पुढच्या रविवारपासून दोघं ठकीला घेऊन हिंडू लागली. ठकीच्या आईने यादी केली होती. तीसुद्धा नजर तपासायच्या तक्त्यासारखी: वर मोठ्या अक्षरांत 'हवा', खाली जरा लहान 'शाळा, चालत', मग 'डॉक्टर', 'मैदान', आणि तळाशी अगदी बारीक 'गाडी'. मिस्त्रीची नजर पहिली तळाच्या ओळीवर गेली. शहरात चाळीस मिनिटांत पोचता आलं नाही तर त्याची नोकरी राहणार नव्हती, निदान जी होती ती राहणार नव्हती.

घरं दाखवायला एक पिकल्या मिशांचा एजंट मिळाला होता. पहिल्याच जागेत तो उत्साहाने म्हणाला, "या खोलीत तुम्ही दोघं, त्या खोलीत बेबी. वहिनी, खिडकी बघा."

"आम्हाला दोन घरं हवीत," ठकीच्या आईने सांगितलं. "एक मला, एक यांना. मुलगी एकच आहे."

एजंट म्हणाला, "एका घरावरून कोर्टात जाणारे पुष्कळ पाहिले. दोन घरांसाठी बरोबर हिंडणारे तुम्हीच." पण त्यानंतर त्याने एकदाही वहिनी म्हटलं नाही, 'ताई' म्हणाला, आणि घरं जोडीनेच दाखवू लागला.

तीन रविवार वाया गेले. कुठे शाळा हमरस्त्यापलीकडे होती, कुठे एक घर मिळे तर दुसरं नाही. चौथ्या रविवारी त्यांनी उंच इमारतींचं एक उपनगर पाहिलं. मिस्त्रीला ते मनापासून आवडलं. शहर पस्तीस मिनिटांवर, समोरासमोर दोन घरं रिकामी, आणि लिफ्ट इतक्या चांगल्या की त्याने दरवाजा उघडून मिटून दोनदा ऐकला. ठकीच्या आईने खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं आणि त्याच्यासमोर धरलं. बोट पांढरं झालं होतं. टेकडीमागे खडी फोडायचं यंत्र चालू होतं.

"आगीतून फुफाट्यात," ती म्हणाली.

"खिडक्या बंद ठेवता येतील."

"आणि पोरगी? तिलाही बंद ठेवायचं?"

पाचवं उपनगर गाडीच्या शेवटून दुसऱ्या स्टेशनावर होतं. बुटकी, दोन मजली घरं, सावलीचे रस्ते, पायी जाणाऱ्यांसाठी रुंद फूटपाथ. शाळेच्या फाटकाशेजारी मैदान, मैदानापलीकडे दवाखाना. ठकी चढावरून धावत गेली आणि धावतच खाली आली. गाल लाल झाले होते, पण छाती वाजत नव्हती. एजंटने एकाच गल्लीत दोन घरं दाखवली, एक या टोकाला, एक त्या टोकाला. ठकीने अंतर चालून मोजलं. चार मिनिटं लागली.

"हेच," तिची आई म्हणाली.

"एक तास दहा मिनिटं आहे इथून," मिस्त्री म्हणाला. "लिफ्टमध्ये माणूस गुदमरत असताना मी गाडीत बसून झाडं मोजू?"

आवाज चढवला नाही तिने.

"परक्या माणसासाठी तू वीस मिनिटांत पोचायचास, मिस्त्री. मी दहा वर्षं तेच घड्याळ बघत बसले होते. आता माझ्यासाठी काही मागत नाही."

परतीच्या गाडीत ठकी दोघांच्या मध्ये झोपली.

बुधवारी मिस्त्रीने रजा टाकली आणि कुणाला न सांगता एकटाच त्या उपनगरात गेला. खोट काढायची असेल तर नीट बघून काढावी, हा त्याचा धंद्यातला स्वभाव. गाडी वेळेवर येते का ते पाहिलं. दवाखान्यात जाऊन विचारलं, दम्याचं औषध असतं का. औषधं देणाऱ्या बाईंनी कपाट उघडून दाखवलं आणि विचारलं, "किती वर्षांचं मूल आहे?" आठ म्हटल्यावर लहान मुलांचा मास्कही काढून दाखवला. दुपारी तो शाळेसमोर उभा राहिला. घंटा झाली. मुलं दोघादोघांनी, चौघाचौघांनी बाहेर पडली आणि पायीच पांगली. एकीची चप्पल तुटली होती, ती हातात धरून अनवाणी चालली होती आणि मैत्रिणीला काहीतरी सांगत हसत होती. कोणी मोठं माणूस मागे नव्हतं, आणि तशी गरजही दिसत नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. रजेवर असूनही बोलावणं आलं होतं: शहरातल्या एका दवाखान्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली होती, आत स्ट्रेचरवर पेशंट आणि एक नर्स. "मी खूप लांब आहे," तो म्हणाला. हे वाक्य चौदा वर्षांत त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. पलीकडून साहेब म्हणाले, "बरं, जाड्याला पाठवतो," आणि फोन ठेवला.

जाड्या म्हणजे त्याच्याच हाताखाली शिकलेला कारागीर. मिस्त्रीने त्याला फोन लावला, त्याने उचलला नाही. शाळेच्या भिंतीला टेकून तो बसून राहिला. रस्ता रिकामा झाला. शिपायाने फाटक लावलं. कुणीतरी विचारलं, बरं नाही का. त्याने मान हलवली. मनात तो एकेक पायरी करत होता: आधी वीज तोड, मग ब्रेक सैल कर, मोटरचं चाक हाताने फिरव, घाई करू नकोस, आतल्यांशी बोलत राहा.

पस्तीस मिनिटांनी जाड्याचाच फोन आला. "काढले, मिस्त्री. दोघं ठीक आहेत. तुम्ही सांगायचात तसं बोलत राहिलो त्यांच्याशी."

"शाबास," मिस्त्री म्हणाला, आणि त्याला रडू आलं. माणसं वाचली म्हणून आलं हे खरं, पण तेवढंच नव्हतं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, आपण गेलो नाही तर ती दारं उघडणारच नाहीत. त्या समजुतीवर त्याने घर टांगून ठेवलं होतं. दारं उघडली होती. दुसऱ्या कुणीही उघडली असती. मागच्या कित्येक रात्री, कित्येक वाढदिवस, ठकी पहिल्यांदा चालली ती दुपार, सगळं त्याच्यासमोरून गेलं, आणि त्यातलं काही परत मिळण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांसमोर उभा राहिला आणि वर्कशॉपमध्ये बदली मागितली.

"टेबलावर बसून दरवाज्यांची कुलपं तपासायची?" साहेब म्हणाले. "हुद्दा खाली येईल. मिस्त्री, वाघाला गोठ्यात बांधल्यासारखं होईल हे."

"आठ ते चारच आहे ना?"

"आहे."

"मग बांधा."

त्या संध्याकाळी तो चष्म्याच्या दुकानात गेला. ती कुणाची तरी नजर तपासत होती. गिऱ्हाईक जाईपर्यंत तो खुर्चीवर बसून राहिला. मग बदलीचं सांगितलं, गल्लीतलं दुसऱ्या टोकाचं घर मी घेतो असंही सांगितलं. ती भिंगं एकेक करून पेटीत ठेवत होती. शेवटचं भिंग हातातच राहिलं.

"हे तेव्हाच करायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

तिने भिंग पुसलं, जागेवर ठेवलं आणि पेटी मिटली. त्या 'हो'मध्ये राग नव्हता, आणि परतीची वाटही नव्हती. मिस्त्रीला ते कळलं. मग ती म्हणाली, "शाळेचा अर्ज सोमवारपर्यंत द्यायचाय. दोघांच्या सह्या लागतील," आणि त्याने खिशातून पेन काढलं.

दोन्ही घरांचं सामान एकाच ट्रकने आलं. एजंट मदतीला आला होता. कुठलं खोकं कुठल्या टोकाला, हे त्याला दोघांपेक्षा चांगलं कळत होतं.

पहिल्या शुक्रवारी ठकीने जाहीर केलं की ती एकटी जाणार, कोणी सोडायला यायचं नाही आणि कोणी न्यायला यायचं नाही. साडेपाचला आईने फोन केला, "निघाली." मिस्त्री दारात उभा राहिला. चार मिनिटं झाली. सात झाली. दहाव्या मिनिटाला तो चपला न घालताच निघाला. समोरून, गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून, तिची आई झपाझप येत होती.

ठकी मधोमध, एका घराच्या कुंपणाशी उकिडवी बसली होती. आत एक म्हातारे गृहस्थ सायकल उलटी करून साखळी बसवत होते आणि ती त्यांना विचारत होती, मागचं चाक फिरतं तेव्हा पुढचं का नाही फिरत. श्वास अगदी शांत होता. दोन्ही बाजूंनी दोघं येऊन उभी राहिली तेव्हा तिने मान वर केली.

"तुम्ही का आलात?" तिने विचारलं.

गृहस्थ हसून म्हणाले, "बसा की, होतंच आलंय." मग दोघं कुंपणाला टेकून उभी राहिली, मध्ये पोर, आणि साखळी दात्यांवर बसेपर्यंत थांबली. त्यानंतर ठकीने पिशवी उचलली आणि बाबाच्या घराकडे चालू लागली. तिची आई आपल्या घराकडे वळली.