स्ट्रुअन गेडिस लीड्सला गेला

सार्वमताच्या त्या उन्हाळ्यात आमच्या माँट्रोझ गावात स्ट्रुअन गेडिसने ठोठावला नाही असा दरवाजा उरला नव्हता. छातीवर निळा बिल्ला, घसा पार बसलेला, तरी गडी थांबत नसे. स्कॉटलंड स्वतंत्र झालंच पाहिजे, दुसरा विषय नाही.

शेजारच्या इझबेल रेनी मात्र त्याला दाद देत नव्हत्या. सत्तरी ओलांडलेली, एकटी बाई. मुलगा कामासाठी इंग्लंडात गेला तो तिकडचाच झाला. एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात चहा पिताना स्ट्रुअन म्हणाला, "देश आपला झाला ना, की पोरांना बिऱ्हाड उचलून दक्षिणेला जावं लागणार नाही. इथेच कामं मिळतील."

बाईंनी त्याच्या कपात आणखी चहा ओतला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खिडकीत स्वातंत्र्याला 'होय' म्हणणारी पाटी लागली.

ऑगस्टमध्ये कंपनीने स्ट्रुअनला बढती दिली, पण इंग्लंडात, लीड्सला. त्याने होकार कळवून टाकला. प्रचारातल्या मंडळींना काही बोलला नाही. इझबेलबाईंना तर नाहीच.

"सांगून टाक त्यांना," बायको, मॉर्व्हन, रोज म्हणायची.

"मतदान होऊ दे गं. उगाच आत्ता कशाला?"

पण तिकडची शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला भरणार होती. मुलींसाठी मतदानाआधीच निघणं भाग पडलं. रविवारी, बाई चर्चला गेल्या की सामान भरायचं, असं स्ट्रुअनने ठरवलं. नेमका त्या रविवारी बाईंचा गुडघा धरला होता. सोफा दाराबाहेर येतोय तोवर त्या कुंपणाशी हजर.

"कोणाचं रे सामान?"

"बहिणीचं," स्ट्रुअन बोलून गेला. "तिला सोफा हवा होता."

मॉर्व्हनने हातातलं खोकं खाली ठेवलं. "खोटं कशाला बोलतोस? बाई, आम्ही लीड्सला चाललोय. कायमचे."

बाईंनी गाडीतल्या पलंगांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आणि तुझं मत?"

"टपालाने देणार. यादीत नाव अजून इथेच आहे."

"झ्याक! मत तू देणार, आणि राहणार आम्ही."

स्ट्रुअनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सोफ्याचं एक टोक हातात. खाली ठेवता येईना, तोंड लपवता येईना.

"साहेब, उचलताय ना?" पलीकडून गाडीवाला ओरडला. स्ट्रुअनने उचललं.

निकाल लागला. 'नाही'वाले जिंकले. लीड्सच्या ऑफिसात कुणीतरी म्हणालं, "बसा आता आमच्याच गळ्यात पडून!" सगळे हसले. स्ट्रुअनही हसला, आणि त्या हसण्याची त्याला स्वतःचीच शिसारी आली. जिन्यात जाऊन त्याने इझबेलबाईंना फोन लावला.

"'होय'लाच दिलं मी," त्या आपणहून म्हणाल्या. "तुझ्यासाठी नव्हे हो. मला पटलं होतं म्हणून."

"बाई, मी तुम्हाला त्या दिवशी..."

"राहू दे. घर कसं मिळालंय?"

"मोठं आहे. मागे बाग आहे."

"चांगलं झालं. मुली रुळल्या का शाळेत?"

त्यांनी एखादी शिवी तरी हासडावी, असं त्याला वाटत होतं. त्या मुलींची चौकशी करत राहिल्या, आणि तो जिन्यात उभ्या उभ्या उत्तरं देत राहिला.