उजव्या हातात आई

मी डाव्या हाताचा मोजा बोलतोय. उजवा बोलणार नाही. तो माझी आई आहे.

हसू नका. मी कोकरू होतो. आईच्या अंगावर दाट लोकर, कातडीला घड्या, घड्यांत चरबी. मी बापावर गेलो होतो. लोकर नावाला, बाकी आखूड केस. अशा केसाळ जातीचं कातडं घट्ट आणि चिवट असतं. त्यात वय कोवळं असलं की ना ओरखडा, ना गोचिडाचा डाग. म्हणून मला वाढूच दिलं नाही. मोठी माणसं कोवळेपणाचं कौतुक करतात ना, ते असं.

आईची लोकर तेव्हाच विरळ झालेली. मग मला कापायला नेलं त्याच दिवशी तिलाही नेलं. दाट लोकरीच्या मेंढीचं कातडं आतून पोकळ. चरबीमुळे वरचा थर खालच्याला धड धरून नसतो. वय झालं की आणखी सैल. असलं चामडं अस्तराला लावतात, पकडीच्या मोज्याला नाही.

कातडी कमावायच्या कारखान्यात, मिठाच्या ढिगात ती माझ्यावर येऊन पडली. चुन्याच्या हौदात तिची लोकर गळाली, वास गेला. तरी मी तिला ओळखत राहिलो.

आम्हाला विकत घेतलं एका मोजे शिवणाऱ्या म्हाताऱ्याने. जोडी नेहमी एकाच कातड्यातून, शेजारी-शेजारी कापायची, म्हणजे दोन्ही मोजे सारखे ताणतात, हे तोच सगळ्यांना सांगायचा. पण माझ्यातून दुसरा पंजा कापताना त्याची सुरी घसरली. चुकलं म्हणायला जीभ वळेना. त्याने आईला ओढलं, तिच्यातून उजवा पंजा कापला आणि दोघांना एकाच काळ्या रंगात बुडवलं.

मोजे त्याच्या मुलीसाठी होते. ती मोटारसायकलवरून पार्सलं पोचवते. तिने उजवा मोजा दुमडला, तशा त्यावर जाड सुरकुत्या उठल्या.

"बाबा, ही जोडी एका कातड्याची नाही. हा म्हाताऱ्या मेंढीचा आहे."

"कॉलेज अर्धवट टाकलंस, आता मला चामडं शिकवतेस?"

"ब्रेक या हातात असतो हो!"

"फुकट मिळतंय तर नखरे. घाल गुपचूप."

तिने घातले. बाहेर गारठा होता, आणि बापाने स्वतःहून काही दिल्याला बरीच वर्षं झाली होती.

पावसात पार्सल पोचवायला निघाली. ओल्या उतारावर माझ्या आतली बोटं क्लच सोडून हँडलवरून उजवीकडे सरकू लागली. ती सरकवत नव्हती. मी जात होतो. तिने हात मागे खेचला, तो आला नाही. उजव्या हाताने ब्रेक दाबायला गेली, तर आईचा वरचा थर भिजून सुटला आणि खालच्या थरावरून नुसता फिरला. गाडी चिखलात आडवी झाली. ती वाचली, कोपर सोलवटलं. दोन्ही हात छातीशी एकमेकांत घट्ट अडकलेले. दातांनी ओढून तिने आम्हाला काढलं.

घरी येऊन तिने आम्हाला बापापुढे आपटलं. "हे आपोआप जवळ येतात. मरत होते मी!"

"हात तुझे वळवळे. चामडं कशाला येतंय?" म्हातारा म्हणाला आणि दाखवायला म्हणून त्याने आम्हाला चढवलं.

मी आईकडे गेलो. आई माझ्याकडे आली. बोटांत बोटं गुंतली. त्याने ओढलं, दातांनी ओढलं, गुडघ्यात दाबून ओढलं, मानेच्या शिरा फुगल्या.  मुलीने कात्री उचलली.

"काप लवकर."

"कापते. आधी एकदा म्हणा, चुकलं."

त्याने पुन्हा एकदा हात ओढून पाहिले.

"पावसाने आखडलंय," तो शेवटी म्हणाला. "वाळलं की सुटेल."

तिने कात्री त्याच्यापुढे टेबलावर ठेवली आणि दार उघडं टाकून गेली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

आम्ही अजून त्याच्या हातांवर आहोत. वाळलो, तरी सुटलो नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, म्हातारा हात जोडून बसलाय.

जा पोरी, उघड्या हातांनी जा. मागे बघू नकोस. याला आम्ही धरून ठेवतो.