धुतलेल्या लडी

देगलूरपासून तीन कोसांवर, बाभळींच्या आड, रामलिंगअप्पांचा चादरींचा कारखाना होता. मागांचा आवाज दिवसभर एकाच लयीत चालायचा. नव्या माणसाला त्याचा त्रास व्हायचा आणि जुन्या माणसाला त्याच्याशिवाय झोप यायची नाही. दुपारी ऊन पत्र्यावर उतरलं, की तो आवाज दूर कुठंतरी पाऊस पडत असल्यासारखा वाटू लागे.

शिवकन्या इथं माग चालवत नव्हती. तिचं काम निराळं होतं. अप्पांच्या चादरी हैदराबादची एक कंपनी घ्यायची, आणि त्या कंपनीला चादर नुसती चांगली असून भागत नसे. ती विणताना पाणी किती लागलं, लाकूड किती जळलं, नालीतून बाहेर पडलेलं पाणी किती रंगीत होतं, मागावरच्या माणसांनी किती तास काम केलं, त्यांना प्यायला गार पाणी मिळालं का, बायांना आडोसा होता का, हे सगळं कंपनीला दर महिन्याला लिहून हवं असे. ते पत्रक शिवकन्या भरायची. पत्रक चोख असलं की चादरीच्या कोपऱ्यावर हिरव्या पानाचं लेबल लागे. त्या लेबलावर गावातली चाळीस घरं चालत होती.

पत्रकातल्या सगळ्या रकान्यांत तिला नालीच्या रंगाचा रकाना फार आवडायचा. त्याचं कारण होते खाजामियाँ.

खाजामियाँ हे कारखान्याचे रंगारी. सत्तरीला आलेला माणूस. दाढी पांढरी, नखं मात्र कायमची निळी. त्यांच्या घरात तीन पिढ्या सूत रंगवत आल्या होत्या. कंपनीनं रोजचा रंग मोजायला सांगितला तेव्हा अप्पांनी आधी काचेची बाटली आणली. पण गढूळ पाण्यात रंग कुठला आणि माती कुठली, ते काही कळेना. तेव्हा खाजामियाँ म्हणाले होते, "बाटलीला काय समजतंय अप्पा? सुताला विचारा. सूत झूट बोलत न्हाई."

तेव्हापासून ते रोज दुपारी पांढऱ्या सुताची वीतभर लडी नालीच्या तोंडाशी घटकाभर बुडवून ठेवत आणि मग मागच्या दोरीवर वाळत घालत. दुसऱ्या दिवशी शिवकन्या वाळलेली लडी हातात घेई. तिच्याकडं एक पुठ्ठ्याची पट्टी होती. तिच्यावर एकपासून नऊपर्यंत निळे चौकोन होते. एक म्हणजे दुधासारखा, नऊ म्हणजे रात्रीसारखा. लडी ज्या चौकोनाशी जुळेल तो आकडा रकान्यात. सहा महिन्यांतून एकदा नांदेडला बाटली तपासायला जायची; दिवाळीच्या तोंडावर गेली, तेव्हाही आकडा बरोबर निघाला होता.

दिवाळीनंतरही आकडा तोच होता. एक. एक. कधी दोन, पुन्हा एक.

दोरीखाली बसून ते आकडे लिहिताना शिवकन्येचे डोळे जड व्हायचे. डोक्यावर लडी हलायच्या. तिला वाटायचं, हे सूत नाहीच. हे गेलेले दिवस आहेत, धुऊन पुसून टांगलेले. एखादा दिवस उचलून गालाला लावावा इतके मऊ. मग कुणीतरी हाक मारी, आणि ती दचकून पेन उचलायची.

माघातल्या एका दुपारी अशीच हाक आली. पण ती आतून नव्हती, फाटकाकडून होती.

"ए बाई! पत्रकवाली बाई! जरा भाईर ये की!"

फाटकात जगदेवी उभी होती. कारखान्याखालच्या ओढ्याकाठी तिचं रान होतं, ज्वारीचं आणि हरभऱ्याचं. तिच्या हातात कासरा होता आणि कासऱ्याला तिचा पांढराशुभ्र खोंड. शिवकन्या बघतच राहिली. खोंड गुडघ्यांपर्यंत निळा होता. चारी पाय सारखे, एका रेषेत. आभाळात पाय बुडवून आल्यासारखा तो शांतपणे रवंथ करत उभा होता.

"मावशी, हे काय?"

"मलाच काय इचारतीस? तूच सांग. माझ्या खोंडाला पायमोजे कुणी घातले? पंधरा दिस झाले, घासून घासून माझे हात गेले. आठवडी बाजारात न्यायची लाज वाटून राह्यली. लोक म्हणत्यात, जगदेवी, याला बूट कवा घेणार?"

शिवकन्येला हसू आलं, पण खोंडाचे पाय पाहून ते मावळलं. "ओढ्यात उतरतो का हा?"

"मग काय, टेबलावर बसून पाणी पितोय? तिथंच उतरतो. तुमची नाली जिथं मिळती, तिथं."

"पण मावशी, आमचं पाणी तर साफ आहे. मी रोज लिहिते. एक नंबर."

जगदेवीनं तिच्याकडं पाहिलं. रागानं नव्हे, झोपेत बडबडणाऱ्या पोराकडं पाहावं तसं.

"लिहितीस," ती म्हणाली. "बघतीस का पण?"

एवढं बोलून तिनं कासरा ओढला. खोंड वळला आणि निळी पावलं टाकत बाभळींतून नाहीसा झाला.

शिवकन्येनं सगळ्या लडी पुन्हा पाहिल्या. पांढऱ्या. पट्टी लावली. एक. सुतानं झूट बोलायला तर नको होतं. दुसऱ्या दिवशी मात्र ती दोरीखाली बसली नाही. खाजामियाँच्या मागोमाग नालीवर गेली. या वाटेनं ती आजवर एकदाही आली नव्हती. कुंपणापलीकडं चुन्याचा, तुरटीचा आणि वाळूचा असे तीन हौद होते. रंगाचं पाणी त्यांतून निवळत निवळत पुढं जायचं आणि शेवटी नालीत पडायचं.

"आज इकडं कशी वाट चुकलीस, बेटी?" खाजामियाँ खूश झाले. त्यांनी नालीच्या तोंडाशी आधीच बुडवून ठेवलेली लडी वर काढली.

ती निळी होती. निथळणारी, गडद, आठाच्या चौकोनासारखी.

शिवकन्येच्या तोंडून शब्द फुटायच्या आत खाजामियाँ वळले. दोन पावलांवर दगडाची डोणी होती, चांगल्या पाण्यानं भरलेली. त्यांनी लडी तिच्यात बुडवली, हळुवार चोळली, पिळली. पुन्हा बुडवली, पुन्हा पिळली. तिसऱ्यांदा पाणी बदलून खंगाळली, झटकली, बोटांनी तार न् तार सारखी केली. त्यांचे हात असे चालत होते, जसे नमाजाआधी चालतात. लडी पांढरी झाली. दोरीवर न्यायला त्यांनी ती खांद्यावर टाकली.

"चाचा," शिवकन्या म्हणाली. "तुम्ही ती धुता?"

"मग?" खाजामियाँना प्रश्नच कळला नाही. "बगैर धुता कोण वाळू घालतंय? पन्नास साल झाले, माझ्या हातानं न धुतलेलं सूत दोरीवर चढलं न्हाई. अब्बा हातावर छडी मारायचे. जो रंग धुण्यात निघून जातो, तो रंगच न्हाई, बेटी. राहतो तोच रंग."

"पण आपल्याला निघून जाणाराच मोजायचा आहे, चाचा."

ओढ्याकडून एक टिटवी ओरडत गेली. खाजामियाँ डोणीकडं पाहत राहिले. डोणीतलं पाणी फिकट निळं होऊन त्यांच्याकडं पाहत होतं. मग ते सावकाश डोणीच्या काठावर बसले.

"किती दिवसांचे आकडे चुकले?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून धुतलेल्याच लडी मोजल्या मी."

हेच अवघड होतं. आधी पाणी खरंच साफ होतं, म्हणून धुतल्यानं काही बिघडलं नाही. मग कधीतरी वाळूचा हौद तुंबला आणि रंगाचं पाणी वरूनच वाहू लागलं. कधी, ते कुणालाच सांगता येणार नव्हतं. दिवाळीपासूनचा प्रत्येक आकडा खरा असू शकत होता आणि प्रत्येक खोटाही. आणि परवा कंपनीचा तपासनीस येणार होता.

"अप्पांना सांगशील?" खाजामियाँ खाली पाहून म्हणाले. "सांग. पण एक ऐक. या तालुक्यात आजवर कुणी बोललं न्हाई की रंगाच्या कामात खाजामियाँ चुकला."

त्या दिवशी शिवकन्या घरी जाताना रस्ता पायांखाली आहे की नाही, हे तिला कळत नव्हतं. सांगितलं तर चाचांचं नाव जाणार, कदाचित कामही जाणार, आणि लेबल गेलं तर मागही थांबणार. न सांगितलं तर पत्रकाखाली तिची सही होती. लेबलापायी खोटं लिहिणारे पुष्कळ असतील. तिनं खोटं लिहिलं नव्हतं. तिनं फक्त पाहिलं नव्हतं. डोळे मिटले की निळ्या पायांचा खोंड पुढं येई आणि काही न बोलता उभा राही.

सकाळी तिनं लाल पेनानं दिवाळीपासूनचा सगळा रकाना आडवा खोडला. बाजूला लिहिलं: नमुना धुतलेला होता, आकडा धरू नये. मग ते पान अप्पांपुढं ठेवलं.

अप्पांनी ते दोनदा वाचलं आणि कपाळावर हात मारला. "अगं शिवकन्ये, उद्या तो माणूस येणार, आन् तू आज घरात नागोबा आणून ठेवलास?"

"नागोबा आधीच होता अप्पा. मी फक्त फडकं काढलं."

"आन् म्हातारा? त्याला काय म्हणू मी?"

शिवकन्येनं लाल पेनाला टोपण लावलं आणि पान तिथंच ठेवलं.

तपासनीस सोमेश ठरल्या दिवशी आला. त्यानं आधी मागावरच्या बायांना एकेकीला बाजूला बोलावून तास विचारले, पाण्याचा माठ पाहिला, आडोसा पाहिला. मग पत्रक उघडलं. लाल रेघ पाहून त्याच्या भुवया वर गेल्या.

"खोडलं कुणी?"

"मी," शिवकन्या म्हणाली. "चूक माझी. मी दर महिन्याला सही केली आणि नालीवर एकदाही गेले नाही."

"झूट!" दारातून आवाज आला. खाजामियाँ धुतलेला सदरा घालून उभे होते. "पोरीची सही, पण हात माझा. माझ्या हातानं धुतल्या लडी. रंगाच्या कामात चुकला तो खाजामियाँ, असं लिवा. नाव साफ लिवा."

सोमेशनं त्यांच्या निळ्या नखांकडं पाहिलं.

"आजपर्यंत कुठल्याच कारखान्यात मला कुणी आपण होऊन चूक दाखवली नाही," तो म्हणाला. "पण लेबल थांबवावं लागेल. हौद साफ करा. दोन महिने खरे आकडे द्या. मग बघू. तोवर चादरी बिनलेबलाच्या जातील." मग तो अप्पांकडं वळला. "लडी कोण बुडवणार आता?"

अप्पांनी तोंड उघडलं, पण खाजामियाँच आधी बोलले. "मैंच बुडवणार. पण डोणी तिथून हलवा. हाताचा भरोसा न्हाई."

डोणी दगडाची होती. चार गड्यांना हलली नाही. तेव्हा सगळे तसेच नालीवर उभे राहिले, अप्पा, सोमेश, शिवकन्या. खाजामियाँनी लडी बुडवली. घटकाभरानं वर काढली, आणि त्यांचे पाय आपोआप डोणीकडं वळले. एक पाऊल. दुसरं. तिथं ते थांबले. ओली, निथळती लडी हातात धरून म्हातारा माणूस डोळे मिटून उभा राहिला. धुवायला निघालेले हात आवरून धरणं पन्नास वर्षांत त्यांनी केलं नव्हतं. सदऱ्यावर निळे थेंब पडत होते.

"बेटी," ते डोळे न उघडताच म्हणाले, "माझ्या हातातून घे. लवकर घे."

शिवकन्येनं ओंजळ पुढं केली. आजवर तिच्या हाताला फक्त वाळलेलं, मऊ सूत लागलं होतं. हे थंड होतं, जड होतं, आणि बोटांमधून रंग ओघळून मनगटापर्यंत गेला. तिनं लडी न पिळता पट्टीशी धरली. सोमेश वाकून पाहू लागला.

"आठ," ती म्हणाली.

"जोरानं बोल," खाजामियाँ म्हणाले. आता त्यांचे डोळे उघडे होते.

"आठ, चाचा. आठ."

अप्पांनी उसासा टाकला आणि वाळूचा हौद उपसायला गड्यांना हाक मारली. शिवकन्येनं निळ्या बोटांनीच पेन धरलं आणि आठ लिहिला. कागदाच्या कडेला तिच्या अंगठ्याचा ओला ठसा उमटला.