मास्तरांचा हात

सुई ओवलेली होती.

खिडकीच्या कट्ट्यावर, खडूच्या डबीशेजारी, उन्हाच्या तिरक्या पट्ट्यात ती आडवी पडली होती – बारीक, नेढ्यातून वीतभर काळा दोरा, आणि दोऱ्याच्या टोकाला गाठ. ती गाठ तिनं लगेच ओळखली. अशी गाठ साऱ्या कारखान्यात एकच माणूस मारायचा: बोटाभोवती दोऱ्याचे तीन वेढे, अंगठ्यानं एकदाच लोळवायचं, की खाली मोहरीच्या दाण्याएवढी गोल गाठ तयार. तो माणूस म्हणजे मास्तर. म्हणजे तिचा नवरा. ज्यांचा उजवा हात तीन वर्षं थरथरतो आहे. ज्यांना सुई ओवणं सोडाच, स्वतःच्या सदऱ्याचं वरचं बटण लावता येत नाही. ते रोज सकाळी तीच लावते, त्यांच्या हनुवटीखाली डोकं घालून.

सुई जुनी असेल... छे, काल संध्याकाळी कट्टा तिनंच पुसला होता. मग इंचीनं ओवली असेल. इंची म्हणजे मशीनवरचा पहिल्या नंबरचा कारागीर. टेप गळ्यात घालूनच तो जन्माला आला, असं त्याची आईसुद्धा सांगते. पण इंचीची गाठ म्हणजे झुरळ. पाय फुटलेलं.

तिनं इकडंतिकडं बघितलं, सुई उचलली आणि आपल्या कॉलरच्या आत टोचून ठेवली.

आजच का पण? आज चार वाजता मालक वर येणार होते. हाताच्या कारणानं मास्तर कापड बेतणं सोडणार, आणि यापुढं कात्री कुणाकडे – तिच्याकडे की इंचीकडे – ते मालक सगळ्यांसमोर सांगणार. गणवेषांचा कारखाना, पन्नास मशिनी खडखडतात, पण कापडावर पहिली रेघ ज्याची, त्याची सत्ता. ती रेघ तीन वर्षं तिची होती. मास्तर शेजारी स्टुलावर बसायचे, गुणगुणायचे, मालकांच्या पावलांचा आवाज आला की खडू हातात धरायचे. बाकी रेघ तिची, काप तिचा, खिळ्याला टांगलेले पुठ्ठ्याचे फर्मे, कापड आखायचे साचे, तेही तिचे. प्रत्येक फर्म्याच्या कोपऱ्यात बेतणाऱ्याची खूण टाकायची रीत होती. ती टाकायची – ‘मा.’

मा. म्हणजे मास्तर. मा. म्हणजे मास्तरीणसुद्धा, पण मास्तरीण म्हणजे काय, तर मास्तरांची बायको. एकोणीस वर्षं काजं करत होती तेव्हाही ती मास्तरीणच होती आणि गेली तीन वर्षं अख्खा कारखाना बेतते आहे तरी मास्तरीणच. उद्या खरोखर मास्तर झाली तरी लोक हाक मारतील ती हीच, आणि मधल्या काळात काही घडलं हे कुणाच्या कानाला कळायचंसुद्धा नाही.

बरं, मास्तरांची ख्याती अशी, की त्या ख्यातीखाली हत्ती झाकला गेला असता, मग ही तर साडेचार फूट. माणूस दारात खोकला तरी मास्तर त्याच्या छातीचं माप सांगत. एकदा म्हणे गिऱ्हाइकाला घाई होती, तर मास्तरांनी त्याच्या नुसत्या सावलीवरून कोट बेतला. अगदी बेतशीर बसला, फक्त आखूड झाला, कारण दुपारचे बारा वाजले होते. ही गोष्ट मास्तर स्वतःच सांगत आणि दर वर्षी कोट दोन बोटं आखूड होई... हसायची ती. इतकी वर्षं हसली. आणि आता कॉलरमधली सुई मानेला गार लागत असताना तिला वाटलं, की हात थरथरतो हीदेखील त्यांच्या गोष्टींपैकीच एक गोष्ट असली तर?

असली, तर कशासाठी?

एक तर आराम. स्टुलावर बसायचं, नाव आपलं, कंबर बायकोची. हे पटण्यासारखं होतं, अगदी घरगुती. पण दुसरं कारण सुचलं आणि तिचा खडू मधेच थांबला: त्यांनी कात्री मुद्दाम सोडली असेल तर? सरळ दिली असती तर मालक हसले असते, इंचीनं मशीन बंद ठेवलं असतं. म्हणून हात थरथरवायला घेतला, आणि ती हळूच आत आली. म्हणजे मी मिळवलं असं जे तीन वर्षं मनात घोळवते आहे, ते मला वाढलेलं होतं. ताटात. कुणी चोरलं असेल तर भांडता तरी येतं. कुणी दिलं असेल तर काय करायचं? आभार मानायचे?

“वहिनी, हा खिसा कसला?” इंची वाकून बघत होता. तिच्यासमोर नवा फर्मा होता, बायकांच्या कोटाचा. शहरात पहिल्यांदाच पहारेकरी म्हणून बायका घेतल्या होत्या.

“आतला.”

“बायकांना आतला खिसा?”

“तुला आहे ना?”

“मला लागतो.”

“काय ठेवतोस?”

इंचीनं खिशात हात घातला. अर्धं बिस्कीट निघालं. मशिनीवरच्या बायका खो खो हसल्या, इंचीही हसला, पण तिला ते हसणं खरं वाटेना. हा इतका मोकळा का आज? याला आधीच कळलंय का काही?

दुपारी चहा आला. तिनं किटलीतून मास्तरांचा कप काठोकाठ भरला.

“अगं, अर्धाच भर की. रोज सांडतो.”

“प्या हो. थंड होतो अर्धा.”

त्यांनी कप उचलला. हात थरथरला. बशीत थेंब पडले – एक, दोन, तीन. कालही तीनच होते. परवाही. खरी थरथर अशी मोजून सांडते का? तिनं त्यांच्या बोटांकडे बघितलं, मग डोळ्यांकडे. डोळे खिडकीच्या कट्ट्यावर गेले, तिथं क्षणभर काहीतरी शोधलं, आणि परत आले.

“काय हरवलं?”

“कुठं काय,” मास्तर म्हणाले. “ऊन बघत होतो.”

आणि मग ते मनात आलं, मशिनींच्या खडखडाटात, नको असताना... कप काठोकाठ कोण भरतं? तीन वर्षं, रोज, मीच. माया म्हणून? अर्धा भरला असता तर एक थेंब सांडला नसता आणि कुणाला काही दिसलं नसतं. सांडायला हवं होतं, मला. डॉक्टरांकडे एकदाच गेलो; दुसऱ्यांदा बोलावलं होतं तेव्हा शाळेच्या गणवेषांची घाई निघाली – घाई होतीच, खोटी नव्हती... पण पुढच्या महिन्यात नव्हती. हात बरा झाला असता तर कात्री परत गेली असती. सकाळी बटण लावताना त्यांची बोटं स्थिर दिसली की माझ्या छातीत धस्स व्हायचं, त्याला मी काळजी म्हणत होते. आणि ही सुई: समजा, आज शेवटचा दिवस म्हणून त्यांनी एकदा, पन्नासदा चुकून, एकटं बसून, दोरा ओवूनच बघितला असेल... आणि मी ती चोराचा माल लपवावा तशी लपवली.

चार वाजले. मालक आले, मशिनी थांबल्या, आणि त्या शांततेत सगळ्यांचे श्वास मोठे झाले.

“मास्तर, तुम्हीच सांगा,” मालक म्हणाले. “तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. कात्री कुणाकडे?”

मास्तर उठले. “हिच्याकडे. दुसरं कुणाकडे? ही म्हणजे माझाच हात.”

टाळ्या पडल्या. इंचीनंही वाजवल्या, अगदी जोरात. “आता मास्तरीणबाई खऱ्या मास्तरीणबाई!” कुणीतरी म्हणालं, आणि मालक म्हणाले, “वहिनी, आता फर्म्यावर पूर्ण खूण करा हं, नुसतं मा. नको. आणि तो आतला खिसा... असू द्या, पुढं बघू.”

माझाच हात.

कॉलरमधली सुई आता काढली आणि त्यांच्यासमोर धरली – ही कुणी ओवली हो, मास्तर? – तर दोन शब्दांत सगळं उलगडेल. उलगडेल, आणि थरथर खोटी निघाली तर कात्री इथंच, टाळ्या विरायच्या आत, परत जाईल. खरी निघाली तर पन्नास माणसांत म्हाताऱ्याची झडती घेतली म्हणून ती आयुष्यभर लक्षात राहील. तिची बोटं कॉलरपर्यंत गेली. सुई होती. गाठ होती, मोहरीएवढी.

बोटं खाली आली. तिनं खडू घेतला.

बायकांच्या कोटाचा फर्मा, आतल्या खिशाची रेघ ठळक. कोपऱ्यात तिनं लिहिलं ‘मा’, मग पुढं ‘स्त’, मग ‘र’ – आणि थांबली. इथपर्यंत दोन्ही सारखेच. यापुढं एक वेलांटी आणि एक ण, एवढाच काय तो फरक. मागं स्टूल करकरलं. मास्तर बसले असणार, उजवा हात गुडघ्यावर ठेवला असणार, आणि तो आत्ता थरथरत असणार किंवा नसणार. मान वळवली की दिसेल.

तीन वर्षांत पहिल्यांदाच तिनं बघितलं नाही. खडू पुठ्ठ्यापासून केसभर वर धरून ती नुसती उभी राहिली, आणि कॉलरमधली सुई तिला प्रत्येक श्वासाला थोडी थोडी टोचत राहिली.