बेडकीची पाठवणी

पासष्ट सालचा मृग कोरडा गेला आणि जनवाड्याजवळच्या त्या माळावरच्या वाडीने बेडकांचं लग्न लावायचं ठरवलं. नवरा-नवरी मांजरेकाठून आणली. वीतवीतभराची पिवळी धेंडं! माळावर असलं काही नव्हतंच, तिथे बोटाच्या पेराएवढ्या बेडक्या. कन्यादानाला कोण, तर मूलबाळ नसलेले ग्यानबा आणि चांगुणाबाई. बाईने बेडकीला हळद लावली आणि तिला खरंखुरं रडू आलं.

लग्न झालं की जोडी जिथल्या पाण्यातली तिथेच नेऊन सोडायची, अशी रीत. पण ग्यानबाचा पाय निघेना.

"एकुलती एक लेक. येवढ्या लांब कामून धाडायची? जावई इथंच ऱ्हाईल की!"

घरामागे कुंटा होता, लहानसं तळंच. त्यात त्याने जोडी सोडली. आठवड्यात पाऊस आला आणि वाडीने ग्यानबाअण्णाला घरजावयाचे पेढे मागितले.

चांगुणाबाईच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडून दिसेनासं झालं होतं. तरी रोज संध्याकाळी ती एकटी कुंट्यावर पाण्याला जायची. लहान बेडक्यांची टिकटिक कानाने धरून चालायची. टिकटिक थांबली की समजायचं, पाणी दोन पावलांवर आलं. ग्यानबाने हात पुढे केला की म्हणायची, "मला धरून न्हेऊ नका." तेवढं एकच काम तिचं स्वतःचं उरलं होतं.

दुसऱ्या पावसाळ्यात कुंटा डराव-डराव दणाणला आणि टिकटिक विरळ झाली. ग्यानबाने वाकून पाहिलं. जावयाच्या तोंडातून एक बारीक पाय बाहेर लोंबत होता. पाण्यात लेकीची शेपटीवाली पिल्लं लहान बेडक्यांच्या पिल्लांना धरून खात होती. पण तो कुणाला बोलला नाही. लेकीच्या पोराबाळांची चहाडी कुठला आजा करतो?

तिसऱ्या वर्षी टिकटिक संपली. ती धेंडं पावसात चार दिवस गावजेवण असल्यासारखी ओरडायची आणि मग वर्षभर मुकी. अशाच एका मुक्या संध्याकाळी चांगुणाबाई चालत चालत गळ्याएवढ्या पाण्यात गेली. ग्यानबाने तिला ओढून काठावर आणलं आणि तिथेच रडत सगळं सांगून टाकलं.

"आपल्या लेकीनंच खाल्लं गं समद्यांला. मीच ठिवून घेतली तिला."

चांगुणाबाईने लुगड्याचा पदर पिळला.

"म्याबी व्हय म्हणलं होतं की. पाठवणी करायची ऱ्हायलीय आपली."

वैशाखात कुंटा आटला. ग्यानबाने नऊ दिवस गाळ उपसला, त्यात दडलेलं एकूण एक धेंड वेचलं, रांजणात भरून वर ओलं पोतं बांधलं आणि बैलगाडी जुंपली. मांजरेच्या काठी चांगुणाबाईने एकेकाला चाचपून पाहिलं. सगळ्यांत थोराड होती तिला हळद लावली, चिमूटभर तांदूळ वाहिले.

"नांद माय सुखानं," ती म्हणाली आणि मग आवाज फुटला. "पन माहेराला येऊ नको गं बाळा. कधीच येऊ नको."

असं कुठल्या आईने लेकीला सांगितलं असेल! ती मोठ्याने रडली आणि ग्यानबाने तिला रडू दिलं.

पावसाने कुंटा भरला. रोज संध्याकाळी चांगुणाबाई घागर घेऊन उंबऱ्यात उभी राहायची, कान द्यायची आणि घागर खाली ठेवायची. पाणी ग्यानबा आणायचा. शेजारचा कल्लप्पा म्हणाला, "दुसऱ्या तळ्यातल्या बारक्या बेडक्या आणून सोडू का?" ग्यानबाने कान धरले. "नगं बाबा. यायचं असंल तर आपल्या पायानं येतील."

आषाढ गेला. श्रावणही अर्धा सरला. एका संध्याकाळी भुरभुर थांबली आणि कुंट्याच्या बाजूने आलं, टिक्. बऱ्याच वेळाने पुन्हा, टिक् टिक्.

चांगुणाबाईने घागर उचलली. ग्यानबा सवयीने हात पुढे करत उठला आणि तसाच परत खाली बसला.