नवव्या डावाचा रिकामा चौकोन

मित्रांनो, मी एक जुना लाकडी धावफलक आहे. ओहायो नदीकाठच्या ब्रॅकेनफोर्ड गावात, बेसबॉलच्या मैदानाच्या टोकाला मी उभा आहे. गिरणीतल्या सुतारांनी मला बनवलं, हिरवा रंग दिला. माझ्या पोटात उभी राहून इर्मा स्टॅडनिक पत्र्याचे आकडे खिळ्यांना अडकवायची. मिलर्स हा गावचा लाडका संघ. तो जिंकला की लोक माझ्याकडे बघून टोप्या उडवत; हरला की शिव्याही मलाच!

गावाची एक रीत होती. शेवटचा गडी बाद होईपर्यंत कोणी खुर्ची सोडायची नाही.

मिलर्सचा इथला शेवटचा सामना मला विसरता येत नाही. नववा, अखेरचा डाव. आपण एका धावेने पुढे. पाहुण्यांचा एकच गडी बाद व्हायचा होता, तेवढ्यात नदीवरून धुकं आलं. "बसून राहा, खेळ पुन्हा सुरू होईल," अशी घोषणा झाली. खेळ झालाच नाही. अंधार पडल्यावर पहारेकऱ्यांनी लोकांना अक्षरशः उठवून घरी पाठवलं. त्या हिवाळ्यात मालकाने संघ दुसऱ्या शहरात नेला. इर्माने माझा नवव्या डावाचा चौकोन रिकामाच ठेवला.

माझा रंग उडाला. गवत माजलं. त्या दिवशीचे प्रेक्षक म्हातारे होऊन एकेक करून वारले, आणि धुक्याच्या दुपारी मिटलेल्या खुर्च्या आपोआप उघडू लागल्या. त्यांना स्प्रिंग आहे, मित्रांनो. कोणी बसल्याशिवाय त्या उघडत नाहीत. इर्माचा नवरा स्टॅन गेला, तेव्हा कुंपणालगतची त्याची खुर्चीही उघडली.

मग मैदान पाडायला यंत्रं आली. आज दुपारी इर्मा आली, तीही धुक्यातच. तिने त्या सामन्यात चेंडू टाकणारा मिलर्सचा पिचर एमॉस टॉलिव्हर याला धरून आणलं होतं.

"अगं इर्मा, या खांद्याने मला कोटसुद्धा घालवत नाही," एमॉस कुरकुरला. "आणि समोर बॅटर कुठाय?"

"तेव्हाही तू बॅटरकडे बघून कुठे टाकायचास? टाक मुकाट्याने."

"आणि नाही जमलं तर?"

"तर उद्या हे सगळं पाडतील, आणि माझा स्टॅन कुठे बसून वाट बघेल रे?"

त्याने पहिला चेंडू टाकला. तो बॅटरच्या जागेमागच्या फळीवर आदळला. दुसरा फळीपर्यंत पोचलाच नाही. धुक्यात चामड्याच्या हातमोज्यात चेंडू बसल्याचा आवाज आला. कोणीतरी चेंडू त्याच्याकडे परत फेकला. तिसऱ्या चेंडूला बॅट हवेत फिरल्याचा सपकारा ऐकू आला, आणि पुन्हा तोच हातमोजा. बॅटर चुकला; शेवटचा गडी बाद!

इर्मा शिडीने माझ्या पोटात चढली. तिने रिकाम्या चौकोनात शून्य अडकवलं.

खट्. खट्. खट्. ओळीमागून ओळ, खुर्च्या मिटत गेल्या. एकच उघडी राहिली.

इर्मा खाली उतरून तिच्याजवळ गेली. "काय रे, सगळे गेले. तू कोणासाठी थांबलास?" मग तिचा आवाज बारीक झाला. "येते मी मागून. इतक्यात नाही. तू हो पुढे."

खुर्ची सावकाश मिटली. कोणीतरी हाताने धरून मिटवावी तशी.

मित्रांनो, उद्या मलाही पाडतील. त्याचं मला दुःख नाही. तुम्हीही जुन्या जागा पाडाल. पण पाडण्याआधी एकदा आत जाऊन हाक मारा. कोणी अजून बसलेलं असेल, तर त्याचा खेळ आधी पुरा होऊ द्या.